बेचाळीसच्या बेचाळीस

५ फेब्रुवारी, सोमवार

एका फॉर्मची खरी किंमत आज काढली. आरोग्य खात्याच्या पत्रकात छापलंय – 'मोफत, फक्त दहा मिनिटं'. उहिला मामाला माझ्या दुकानात बसवून तालीम घेतली. प्रश्न बेचाळीस. वेळ सव्वीस मिनिटं. फोनची बॅटरी अकरा टक्के. चहा दोन कप, बिस्किटं सहा. त्याआधी मामाचं घरून निघणं – सरकारी काम म्हणून त्याने आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आमच्या रीतीप्रमाणे कमरेला ठेवणीतली चटई गुंडाळली. तासभर गेला. तारोच्या, म्हणजे अळूकंदाच्या, मळ्यातली सकाळ बुडाली ती वेगळीच. म्हणजे एक फॉर्म म्हणजे एका माणसाची अर्धी सकाळ. आमच्या मातालोआ गावात मोठी माणसं एकशे एकोणीस. मोफत म्हणे!

पण तक्रार नाही. काम माझ्याकडे आलं ते उगाच नाही. बेटावर इंटरनेटची डिश एकट्या माझ्या छपरावर. चार हंगाम क्वीन्सलँडमध्ये संत्री तोडून मिळवलेली आहे ती, कुणी बक्षीस दिलेली नाही. सहावी नापास माणसाला आरोग्य खातं 'गाव-संयोजक' म्हणतं – कार्डावर छापून.

फॉर्म कशासाठी ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे विसरायला नको. तीन वर्षं टोआकासे नर्सची बोट दर दुसऱ्या शुक्रवारी धक्क्याला लागते. साखरेच्या आजाराने ज्यांच्या जखमा भरत नाहीत त्यांच्या पट्ट्या बदलते, औषध देते. जूननंतर बोट चालू ठेवायची की नाही, ते या फॉर्मांवर ठरणार. दुसरं असं, की जो कुणी जखमेच्या प्रश्नाला 'हो' दाबेल त्याचं नाव लगेच टोआकासेच्या फोनवर जाणार, आणि ती दोन दिवसांत घरी येणार. जी माणसं धक्क्यावर चारचौघांत पाय पुढे करत नाहीत त्यांच्यासाठी ही सोय. डोकं लढवून केलेली गोष्ट आहे, मान्य करायला हवं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला फॉर्म ताईचा. तसाच व्हायला हवा होता. लेसिएली ताई भरेल तर गाव भरेल – घरात लग्न असो की मयत, माझ्या पोरांची आत्या पुढे बसल्याशिवाय काही सुरू होत नाही.

सकाळी आठला आली. काळा झगा, हातात पंखा. मी खुर्ची पुसून दिली.

"ताई, बसा."

"चष्मा घरी राहिला रे. तूच वाच."

राहिला कसला. तिला आताशा चष्म्यानेही दिसत नाही हे मला बायकोकडून, कोलोआकडून कळलेलं आहे. पण ते ती मला सांगणार नाही आणि मी तिला विचारणार नाही. मी वाचत गेलो, ती उत्तरं सांगत गेली, मी दाबत गेलो. मासे किती खाता, डबाबंद मांस किती खाता, रोज किती चालता, वडिलांना साखर होती का. "होती की. तुला माहीत नाही का?" म्हणाली. मला हसू आलं. तिलाही. मध्ये एकदा माझा घसा बसला, चहाचा घोट घेतला, पुढे सरकलो.

सहा मिनिटांत खलास. बेचाळीसच्या बेचाळीस प्रश्न, माझ्या तोंडून, एक अडखळ नाही. खात्याच्या माणसालाही जमलं नसतं.

जाताना म्हणाली, "चांगलं काम घेतलंस, मलाकाई." पन्नाशी उलटली तरी तिच्या तोंडून असं काही ऐकलं की दिवस बरा जातो.

७ फेब्रुवारी, बुधवार

चौदा फॉर्म. बिस्किटं संपली.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात दोन बाक टाकलेत. एकावर पुरुष, एकावर बायका, मधे मी आणि चार फोन. ज्यांना वाचता येतं ते स्वतः भरतात, बाकीच्यांना मी वाचून दाखवतो.

पुरुष म्हणजे नुसता वेळखाऊपणा. उहिला मामाचा खरा फॉर्म आज झाला. सतरावा प्रश्न आला – 'तुमच्या पायावर किंवा अंगाच्या झाकलेल्या भागावर दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरलेली जखम आहे का?'

मामा म्हणाला, "झाकलेला भाग म्हणजे नेमका कुठला? तूच दाखव आधी."

शेजारचा बाक खदाखदा हसला. मग कुणाची जखम कुठे, डुकराने कुणाला कुठे चावलं, कोण कुंपणावरून कसा पडला – दोन मिनिटं त्यातच. शेवटी मामाने 'हो' सांगितलं. टाचेला आहे त्याच्या. मग पुढचे सात प्रश्न उघडले. पू येतो का, वास येतो का, लघवीला कितीदा जाता, असलं सगळं. 'नाही' म्हटलं की ते सात प्रश्न फोन आपोआप गाळतो, एकदम पंचविसाव्यावर नेतो.

बायकांच्या बाकावर मात्र शिस्त. मान खाली, अंगठा चालू, फोन परत. फोनच वेळ मोजतो. पुरुषांना सरासरी सव्वीस मिनिटं, बायकांना नऊ! कोलोआला म्हटलं, "तुम्ही बायका हुशार. पुरुष नुसते बडबडे."

ती खोबरं किसत होती. वर न बघता म्हणाली, "हं."

११ फेब्रुवारी, रविवार

रविवारी काम करायचं नाही. लिहिणं हे काम नाही, असं मी धरून चालतो.

माझे कान हे माझं भांडवल आहे. धंद्यात कोण खरंच उद्या पैसे देणार आणि कोण नाही, ते मी आवाजावरून सांगतो. चर्चच्या लाकडी जमिनीवर मागून कोण येतंय, ते मान न वळवता सांगतो. आज ताईची पावलं वेगळी होती. एक पाऊल ठाम, दुसरं घासत. पुन्हा ठाम, पुन्हा घासत. बायकांच्या गायनात तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत – पण उभं राहताना तिने बाक धरला.

जेवताना कोलोआला सांगितलं. पानात गुंडाळून भाजलेलं मांस वाढत होती.

"मग विचार की बहिणीला."

"मी कसं विचारू?"

"मला माहीत आहे, तू विचारणार नाहीस. मी विचारते."

चारला जाऊन आली. "नवी चप्पल लागते म्हणाली."

चप्पल जुनी आहे. मीच विकलेली, गेल्या वर्षी. पण पुढे काय बोलणार! दहाव्या वर्षी मला पोरांच्या झोपडीत झोपायला धाडलं. तेव्हापासून ताईच्या खोलीचा उंबरा मी ओलांडलेला नाही. तिच्यासमोर कुणी चावट बोललं तर उठून बाहेर जातो. हे काही कुणी शिकवावं लागत नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं! एकशे एकोणीस पैकी एकशे एकोणीस. पुरुष अठ्ठावन्न, बायका एकसष्ट. एकही सुटलं नाही. नेइआफू शहरातून खात्याच्या बाईंचा फोन – वावाउच्या आख्ख्या बेटसमूहात शंभर टक्के फक्त मातालोआ. बाकी गावांची पन्नास-साठ टक्क्यांवर दमछाक झाली.

टोआकासेची बोट आजच होती. धक्क्यावर तिला सांगितलं.

"काका, तुम्ही खातंच चालवायला घ्या आता," म्हणाली. मग जरा थांबून, "पण बायकांमधून मला दोनच नावं आली. दोनच कशी?"

"अगं, तुझ्याच औषधाचा गुण. तीन वर्षं काय हवेत गेली?"

ती हसली. तिच्या हसण्यात काहीतरी कमी होतं. ऐकू आलं, पण मी आनंदात होतो.

१७ फेब्रुवारी, शनिवार

प्रशस्तिपत्र आलं. काच लावून दुकानात, मिठाच्या पोत्याच्या वर टांगलं.

२८ फेब्रुवारी, बुधवार

ब्रॉनविन बाईंशी व्हिडिओवर बोलणं झालं. ब्रिस्बेनला असतात. कार्यक्रमाचा उपयोग झाला की नाही हे तपासायचं काम त्यांचं. मनाने चांगल्या, हळू बोलतात, मला समजेल असं.

पडद्यावर दोन खांब दाखवले. तीन वर्षांपूर्वी नर्सबायकांनी घरोघर कागदावर पाहणी केली होती, तेव्हा मातालोआच्या चोवीस बायकांना न भरणाऱ्या जखमा होत्या. आता दोन. उंच खांब, बुटका खांब.

"मलाकाई, हे फार मोठं यश आहे. तुमच्या गावाला आता बोटीची गरज उरलेली नाही. जूनपर्यंतही थांबायला नको. एप्रिलपासून बोट दुसऱ्या बेटांकडे वळवावी, असं मी अहवालात लिहिते आहे."

मी 'धन्यवाद' म्हटलं. दुसरं काय म्हणतात अशा वेळी, मला माहीत नव्हतं. बोट जाणार हे कानावर पडलं होतं, पण आत शिरलं नव्हतं.

उहिला मामा दारात बसून ऐकत होता. फोन बंद झाल्यावर म्हणाला, "म्हणजे आपण बरे झालो म्हणून शिक्षा का?"

१ मार्च, शुक्रवार

आज टोआकासे सरळ दुकानात आली. बसली नाही. पिशवीतून एक वही काढली, भिजून फुगलेली, आणि मिठाच्या पोत्यावर ठेवली.

"काका, मी तुम्हाला नावं दाखवू शकत नाही. आकडा सांगते. मागच्या खेपेला, म्हणजे तुमचे फॉर्म संपले त्याच दिवशी, धक्क्यावर मी तुमच्या गावच्या अकरा बायकांच्या पट्ट्या बदलल्या."

"अकरा?"

"अकरा. फॉर्मवर दोन. उरलेल्या नऊ जणी तुमच्या बाकावर बसून 'नाही' दाबून गेल्या, आणि दुपारी माझ्यासमोर पाय उघडून बसल्या. या तर निदान येतात तरी. ज्या येतच नाहीत त्यांचं काय?"

मी म्हटलं, "खोटं का बोलल्या?"

"ज्या दोघींनी 'हो' म्हटलं, त्या कुठल्या ते तुम्हाला माहीत आहे. मी त्यांच्या घरी गेले होते, सगळ्यांनी पाहिलंय. दोघी हापाईच्या बेटांवरून लग्न होऊन आलेल्या. बाकीच्या तुमच्या कोण?"

मी मोजलं. मोजायला वेळ लागला नाही. सख्खी एक, चुलत, आते, मावस, त्यांच्या लेकी – आमच्यात सगळ्याच बहिणी. एकसष्टातल्या जवळजवळ पन्नास.

"मी मूळची दूरच्या तोंगातापू बेटाची," म्हणाली, "पण भाऊ मलाही आहेत." वही उचलली आणि बोटीकडे गेली.

नऊ मिनिटं! आणि मी म्हणालो, हुशार.

३ मार्च, रविवार

ताई चर्चला आली नाही. मला आठवतंय तेव्हापासून हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा वडील गेले त्या रविवारी.

निरोप पाठवला – अंग कणकणतंय.

४ मार्च, सोमवार

कोलोआला विचारलं. सरळ विचारलं. ती धुणं वाळत घालत होती.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"की बायका खोटं भरतायत."

"साठ बायका, आणि तू मध्ये बसलेला. शेजारी उहिला मामाचं झाकलेल्या भागाचं पुराण. कुठली बाई 'हो' दाबेल?"

"मी त्यांच्या फोनमध्ये बघत नव्हतो."

"बघायची गरज काय? 'हो' दाबलं की सात प्रश्न जास्त. सात प्रश्न म्हणजे वेळ जास्त. वेळ जास्त म्हणजे मलाकाईला कळलं. तुझे कान साऱ्या बेटाला ठाऊक आहेत."

"मग मला सांगायचंस तरी."

तिने चादरीचं टोक माझ्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं, पिळली. "तू प्रशस्तिपत्राला खिळा ठोकत होतास. तेव्हा सांगू?"

नंतर म्हणाली, "खोटं नाही रे ते. तू समोर आहेस तोवर 'नाही'. तू नसलास की 'हो'. दोन्ही खरंच आहे."

"आणि ताई?"

"ताईंचा फॉर्म तू भरलास. मी तिथे नव्हते."

५ मार्च, मंगळवार

पत्र लिहिलं. ब्रॉनविन बाईंना. सकाळपासून तीन कागद फाडले.

लिहायचं एवढंच होतं: बायकांची उत्तरं धरू नका, बोट थांबवू नका. पण का, ते लिहिल्याशिवाय कोण ऐकणार! आणि ब्रिस्बेनच्या बाईला हे कसं सांगायचं? शेवटी लिहिलं: 'आमच्याकडे बहीण भावासमोर अंगाबद्दल बोलत नाही. ही लाज नव्हे, मान आहे. या गावात मी बहुतेक बायकांचा भाऊ लागतो. मला संयोजक नेमायला नको होतं, आणि मी नेमून घ्यायला नको होतं. आमचे शंभर टक्के खरे नाहीत. पुन्हा भरू द्या. या वेळी मी तिथे नसेन.'

पाठवायचं बटण दाबायला बराच वेळ लागला. सहावी नापास माणसाला एकदाच शंभर टक्के मिळाले होते.

प्रशस्तिपत्र उतरवलं. भिंतीवर चौकोनी डाग राहिला, तिथे कॅलेंडर लावलं.

६ मार्च, बुधवार

उत्तर आलं. 'पुन्हा करा. अहवाल थांबवते.' आणि खाली – 'कळवल्याबद्दल आभार. हे कळवणं सोपं नसणार.' बरी बाई आहे.

८ मार्च, शुक्रवार

योजना ठरली. डोकं माझं, पण निम्मं कोलोआचं. निम्म्याहून जास्त.

बायकांचं चटया विणायचं घर आहे, चिंचेखाली. तिथे पुरुष जात नाहीत, कुत्रीही बिचकून असतात. चारही फोन तिथे. प्रश्न टोआकासेच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतले, कानात घालायच्या तारा लावल्या. बाईने ऐकायचं, 'हो'ला हिरवं, 'नाही'ला तांबडं दाबायचं; 'किती' विचारलं असेल तर आवाज एकेक आकडा म्हणतो, बरोबर आला की हिरवं. वाचायला नको, बोलायला नको, शेजारणीलाही कळायला नको. नाव टोआकासेलाच जाणार, मला नुसता आकडा.

टोआकासेने फोनवर विचारलं, "आणि तुम्ही कुठे असणार काका?"

"मळ्यात. रताळी काढतो. दोन टेकड्या पलीकडे."

"कान?"

"तेही बरोबर नेतो."

ताईचं विचारलं कोलोआला. अजून झोपूनच आहे. दार आतून लावून घेते. भाचीला सांगितलंय, कुणाला आत सोडू नकोस, धर्मगुरूंच्या बायकोलासुद्धा. खोलीत धूप जाळतात म्हणे, दिवसभर.

धूप कशाला जाळतात ते मला कळलं. लिहीत नाही.

११ मार्च, सोमवार

दिवसभर रताळी. एवढी रताळी आम्हाला नको होती.

विणकाम-घर इथून दिसत नाही. पण वारा तिकडून होता आणि एकदा बायकांचं हसणं ऐकू आलं – माझ्यासमोर हसतात तसं नव्हतं. मोठं, पोटातून. मी उठून आणखी खाली, ओहोळापलीकडे जाऊन बसलो.

संध्याकाळी कोलोआ म्हणाली, "छप्पन्न झाल्या. एक फोन मी ताईंच्या घरी घेऊन गेले. तारा कानात घातल्या, फोन हातात दिला, बाहेर येऊन बसले."

"किती वेळ?"

"पुष्कळ."

१३ मार्च, बुधवार

दुपारी धक्क्यावर इंजिनाचा आवाज. हा बोटीचा शुक्रवार नव्हे. टोआकासे मासेवाल्याची होडी भाड्याने करून आली होती. माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी खांद्याला, सरळ चढ चढून गेली – ताईच्या घराकडे.

मी दुकानात बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं, साखर मागितली, मी मीठ बांधून दिलं.

तासाने तिने भाचीला पळवलं – चार माणसं पाठवा, दार काढून आणा, खुर्ची चालणार नाही. लेसिएली ताईला दारावर झोपवून धक्क्यावर आणलं, वरून चटई, तोंडापर्यंत. मी वाट सोडून उभा राहिलो. उचलायला पुतणे होते, जावई होता. मी होडीत चढलो आणि पुढच्या टोकाला, तिच्याकडे पाठ करून बसलो. वास वाऱ्याने माझ्यापर्यंत येत होता. नेइआफू दीड तास.

टोआकासे उतरल्यावर हळूच म्हणाली, "ताईंनी हिरवं दाबलं, काका. किती दिवस झाले या प्रश्नाला – 'तीन महिने'."

तीन महिने. म्हणजे डिसेंबरपासून. म्हणजे माझ्या खुर्चीत बसली होती तेव्हाही.

"तेव्हा कळलं असतं तर?"

तिने पिशवी उचलली आणि भरभर चालू लागली. तिचं ते उत्तर मी ऐकलं.

१४ मार्च, गुरुवार

इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. आकडा आला. एकसष्टपैकी सव्वीस. तीन वर्षांपूर्वी चोवीस होते.

ब्रॉनविन बाईंचा निरोपही आला. बोट राहणार. डिसेंबरपर्यंत नक्की, आणि दर दुसऱ्या नाही, दर शुक्रवारी. शिवाय माझं पत्र अहवालाला जोडणार आहेत, म्हणजे दुसऱ्या देशांतही कुणी गावचा भाऊ संयोजक नेमणार नाही. पहिल्या वेळेला बायकांना इतका कमी वेळ का लागला ते त्यांना नीट समजून घ्यायचंय. फोन प्रत्येक पानाची वेळ वेगळी नोंदवतो, ती फाइल काढून पाठवते म्हणाल्या. 'तुम्हीच समजावून सांगू शकाल.'

सांगेन. आता काय उरलंय लपवायला!

१८ मार्च, सोमवार

सकाळी ताईचा डावा पाय काढला. गुडघ्याखाली.

१९ मार्च, मंगळवार

ती शुद्धीवर आहे. कोलोआ आत जाते, मी व्हरांड्यात. खिडकीला पडदा आहे. आतलं बोलणं ऐकू येतं – ऐकू नये म्हणून मी दोनदा उठून फाटकापर्यंत गेलो. तरी ताईचा आवाज खणखणीतच आहे.

कोलोआ दुपारी बाहेर आली. हातात रिकामं भांडं.

"निरोप आहे तुला."

"सांग."

"म्हणाल्या, मलाकाईला सांग, त्या दिवशी त्याने विचारलं तेव्हा मीच 'नाही' म्हटलं. माझीच चूक. त्याने मनाला लावून घेऊ नये."

मी मान हलवली. मग उगाचच दोरीवरचे टॉवेल सारखे केले.

कोलोआ माझ्याकडे बघत होती. "काय रे?"

"काही नाही."

२१ मार्च, गुरुवार

फाइल आली.

सतरावं पान मोठ्याने वाचायला मला दहा सेकंद लागतात. आत्ता घड्याळ लावून वाचलं. उहिला मामाच्या फॉर्मवर ते पान दोन मिनिटं उघडं आहे. एक नंबरच्या फॉर्मवर, ६ फेब्रुवारी, सकाळी आठ वाजून अकरा मिनिटं – एक सेकंद.

ताई 'नाही' म्हणाली नव्हती. तिला विचारलंच नव्हतं. पान आलं, माझा घसा बसला, आणि 'नाही' मी दाबलं. मग सात प्रश्न फोनने गाळले.

ब्रॉनविन बाईंना मी अर्धंच लिहिलं होतं. भाऊही बहिणीसमोर बोलत नाही.

बेचाळीसपैकी ताईला मी चौतीस वाचून दाखवले होते.